दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवरची टक

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला 'धाकटी' म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे तिची थोरली बहीण. ताई अठ्ठ्याऐंशीची. बाकी सगळे धाकटीला आजी म्हणत, मावशी म्हणत, बँकेतला कारकून तर मॅडम म्हणे. पण मनातल्या मनात ती स्वतःला धाकटीच समजत आली होती. थोरली आहे तोवरच धाकटी असता येतं, आणि ताईच्या छातीतले ठोके हल्ली मधूनच एखादं पाऊल चुकवायला लागले होते. डॉक्टर "जपा" म्हणाले, पण किती दिवस जपायचं ते काही बोलले नाहीत. म्हणून एका सकाळी धाकटीने कपाटाच्या तळाचा निळा टॉवेल बाहेर काढला.

टॉवेलात तबकडी होती. मधल्या गोल कागदावर 'नमुना – विक्रीसाठी नाही' असा शिक्का, आणि त्यावर मेणाच्या लाल पेन्सिलीने मारलेली फुली. ती फुली धाकटीनेच मारली होती, बासष्ट वर्षांपूर्वी. आणि तबकडी कारखान्यातून पळवलीही तिनेच होती. नापास करणारीही तीच आणि चोरणारीही तीच, असा सगळा घरचा मामला.

तबकडीवर ताई गायली होती. आयुष्यात एकदाच, एकच गाणं. तिच्या पश्चात तिच्या नावाने एक-दोन श्रद्धांजल्या होतील, पण गाणं कुणी ऐकणार नाही. ते ताई असतानाच लोकांनी ऐकावं, तिच्या नावानिशी ऐकावं, एवढंच धाकटीला हवं होतं. टॉवेल पिशवीत घालून ती दोन बस बदलून मोठ्या ग्रंथालयात गेली.

तिथे तळमजल्यावर, मुलांच्या पुस्तकांच्या मागे, ध्वनिसंग्रहाची खोली होती. खोलीतल्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात दोन चष्मे अडकवलेले. एक वाचायचा आणि एक माणसं बघायचा. जुन्या रेकॉर्ड जमवायच्या, त्यांची संगणकावर प्रत करायची आणि कुणालाही फुकट ऐकता येईल अशी ठेवायची, हे त्यांचं काम. धाकटीला वाटलं, टॉवेल सोडायचा, रेकॉर्ड द्यायची, चहा पिऊन घरी.

"कायदा आहे, आजी," संग्रहबाई म्हणाल्या आणि खणातून सहा पानांचा फॉर्म काढला.

"गाणं माझ्या बहिणीचं आहे."

"गाणं त्यांचं असेल. ध्वनिमुद्रण कुणाचं? ते वेगळं असतं. गाणं लिहिणाऱ्याचा एक हक्क, चाल लावणाऱ्याचा दुसरा, आणि जो आवाज मुद्रित झाला त्याचा तिसरा."

"लिहिलं होतं आमच्या आईने. चालही तिचीच. जात्यावर बसल्यासारखी गुणगुणायची ती, कपडे वाळत घालताना."

"ते लिहा, दुसऱ्या पानावर. तिच्या वारस तुम्ही दोघीच ना? मग ते सोपं आहे. तिसरा हक्क अवघड. तो बहुतेक कंपनीचा."

"कंपनी बंद पडली त्याला चाळीस वर्षं झाली."

"कंपनी मरते, हक्क मरत नाही. तो कुणाच्या तरी घरी राहायला जातो. पण एक सोय आहे. जुनं ध्वनिमुद्रण कुठेही विकत मिळत नसेल, आणि आपला वापर बिगरव्यावसायिक असेल, तर आधी नीट शोध घ्यायचा, मग नोंदणी कार्यालयात सूचना लावायची. नव्वद दिवस थांबायचं. मालक नको म्हणाला तर नाही. गप्प राहिला तर आपल्याला मोकळीक."

"बिगरव्यावसायिक म्हणजे?"

"पैसे घेणार का कुणाकडून?"

"छे."

"मध्ये जाहिरात?"

"कसली?"

"झालं तर. बिगरव्यावसायिक."

"आणि समजा, गाणं ऐकून कुणी खूश झालं आणि ताईला फुलं आणून दिली?"

संग्रहबाईंनी वाचायचा चष्मा काढून माणसं बघायचा लावला. "फुलांचं फॉर्मात काही नाही. आणू द्या."

धाकटीने शिक्क्यावर बोट ठेवलं. "हे बघा, इथे लिहिलंयच की 'विक्रीसाठी नाही'. मग शोध कशाला? जे कधी विकलंच नाही, ते कुठे विकलं जातंय का, हे कसं शोधायचं?"

"शोधायचं आणि सापडलं नाही असं लिहायचं."

"सापडणार नाही हे ठाऊक असताना?"

"ठाऊक असणं वेगळं, शोधणं वेगळं. कायद्याला शोधलेलं चालतं, ठाऊक असलेलं चालत नाही."

धाकटी त्या वाक्यावर परतीच्या दोन्ही बसमध्ये विचार करत राहिली आणि उतरायचा थांबा चुकली.

*

तिच्या तरुणपणी तबकड्यांचा तो कारखाना म्हणजे मोठी शान होती. तळाला वाफेची यंत्रं, काळ्या लगद्याचा वास, आणि वरच्या मजल्यावर काचेच्या सहा खोल्या. एकेका खोलीत एकेक मुलगी, कानांवर जड हेडफोन, समोर तबकडी, हातात थांबघड्याळ. खालचे कामगार त्यांना 'कानवाल्या' म्हणत. छपाई सुरू व्हायच्या आधी प्रत्येक रेकॉर्डचा नमुना तीन कानवाल्या ऐकायच्या, आणि कार्डावर लिहायच्या: टक, खरखर, डुलणं, फट, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला. तिघींपैकी दोघींनी फुली मारली की नमुना नापास. पास झाला तर पांढरी पेन्सिल, नाही तर लाल. नापास नमुने संध्याकाळी पुन्हा लगद्यात जायचे.

पहिल्याच दिवशी मुकादमीणबाईंनी ताकीद दिली होती. "गाणं ऐकायचं नाही. गाणं गिऱ्हाईक ऐकेल. तुम्ही रेकॉर्ड ऐका." धाकटी ते शिकली, आणि इतकं पक्कं शिकली, की पुढे लग्नाच्या मांडवातही तिला वाद्यं कमी आणि ध्वनिक्षेपकाची खरखर जास्त ऐकू यायची.

ताईला गायला बोलावणं आलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. एका सकाळी जाऊन ती गाऊन आली. तिला स्वतःचं गाणं तेव्हा ऐकवलं नाही. बाहेर पुढचा गवई खोळंबला होता. "रेकॉर्ड आली की ऐकाल," म्हणाले.

महिन्याभराने तो नमुना धाकटीच्या खोलीत आला. आधीच्या दोघींपैकी एकीने पास केला होता, एकीने नापास. आता सगळं हिच्या हातात. ताई लग्नानंतरच्या नावाने गायली होती, त्यामुळे कारखान्यात नातं कुणाला माहीत नव्हतं. धाकटीने सांगायला हवं होतं, खोली बदलून घ्यायला हवी होती. पण ती होती बावीस वर्षांची, आणि बावीस वर्षांच्या माणसाला प्रामाणिकपणाची फार हौस असते. 'बहिणीची म्हणून सोडली' असं आपल्याच मनाने आपल्याला म्हणू नये, म्हणून तिने नमुना एकदा नव्हे, सात वेळा ऐकला. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर एक टक होती, अगदी बारीक. सातही वेळा होती. तिने लाल फुली मारली.

इथवर सगळं कामाचं झालं. हात दाखवून अवलक्षण केलं ते रात्रीच्या जेवणात. ताई माहेरी आलेली होती. धाकटीने भर पंगतीत, अभिमानाने फुलून सांगितलं, "ताई, तुझी पण मी सोडली नाही हो. फुली म्हणजे फुली."

ताईचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "बरं केलंस."

कंपनीचं पत्र गेलं होतं, की पुन्हा येऊन गा. ताई गेली नाही. बासष्ट वर्षं दोघी एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावल्या, मुलांची लग्नं केली, गुडघ्यांविषयी बोलल्या, पाण्याविषयी बोलल्या. गाण्याविषयी एक अक्षर नाही.

*

शोधाला दीड महिना लागला. संग्रहबाईंनी पाच जागांची यादी दिली होती. बंद पडलेल्या कंपनीचा माल विकत घेणारी दुसरी कंपनी, तिला गिळलेली तिसरी, जुन्या रेकॉर्डचे दोन दुकानदार, आणि इंटरनेटवर गाणी विकणारे सगळे. तिसऱ्या कंपनीने उत्तर पाठवलं: 'आमच्या यादीत असं ध्वनिमुद्रण नाही. मात्र ते आमचं नाही, असंही आम्ही म्हणत नाही.'

"म्हणजे काय?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही," संग्रहबाई म्हणाल्या. "चांगलंय. जपून ठेवा हे पत्र."

दुकानदारांपैकी एकाने तर धाकटीकडेच रेकॉर्ड विकत मागितली. "बाजारात नसलेली वस्तू आहे, चांगला भाव देईन." ती घाबरून पिशवी छातीशी धरून बाहेर पडली. विकली असती तर ती विकत मिळणारी झाली असती, मग फॉर्म बाद झाला असता का, हा पेच तिला आठवडाभर पुरला.

मग प्रत करायचा दिवस आला. संग्रहबाईंनी तबकडी पुसून यंत्रावर ठेवली. धाकटीने हेडफोन लावले आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर रोवली. गाणं गेलं कधी, तिला कळलं नाही. दोन एकेचाळीसला तिने बोट वर केलं.

"आली!"

"काय आलं?"

"टक."

संग्रहबाईंनी तेवढा तुकडा तीनदा लावला. "खरखर आहे, सगळीकडे आहे. पण तुम्ही म्हणता ते… हां. आहे काहीतरी. पण आजी, ही तबकडीची टक नाही. सुईची टक कोरडी असते. ही ओली आहे."

"ओली टक? टक कधी ओली असते का?"

"मी पंचवीस वर्षं हेच ऐकतेय. काय आहे सांगता येत नाही, पण ओरखडा नाही. काढून टाकू का? संगणकावर निघते."

धाकटीने घाईने नकारार्थी मान हलवली. बासष्ट वर्षं ज्या टकेच्या जोरावर ती बरोबर होती, ती काढून टाकली तर उरणार काय? आणि ती तबकडीची नसेलच, तर मग आपण फुली कशावर मारली? संग्रहबाईंनी फॉर्मचं शेवटचं पान पुढे केलं. 'गायक हयात आहे का? असल्यास पत्ता.' धाकटीने ताईचा पत्ता लिहिला. कागदाला कागद, असं समजून लिहिला.

सूचना लागली. नव्वद दिवस सुरू झाले. नव्वद दिवस म्हणजे कायद्याच्या हिशेबी काहीच नाही, पण ताईच्या ठोक्यांच्या हिशेबी फार होते. धाकटी रोज सकाळी कॅलेंडरवर एक रेघ मारी आणि ताईला फोन करून गुडघ्यांची चौकशी करी. ताई गुडघ्यांविषयी सविस्तर सांगे. बाकी काही नाही.

चव्वेचाळिसाव्या दिवशी संग्रहबाईंचा फोन आला. "आजी, या लगेच. हरकत आलीय."

"कोणाची? त्या तिसऱ्या कंपनीची?"

"या तुम्ही."

टेबलावर दोन कागद होते. एक पिवळा पडलेला, टंकलेला. बंद पडताना कंपनीने ताईला लिहिलेलं पत्र: 'जी ध्वनिमुद्रणं आम्ही बाजारात आणली नाहीत, त्यांचे सर्व हक्क आम्ही गाणाऱ्यांना परत करत आहोत.' दुसरा कागद हरकतीचा. 'हरकतीचं कारण' या रकान्यात थरथरतं पण वळणदार अक्षर होतं. ते अक्षर धाकटीला स्वतःच्या अक्षराहून जास्त ओळखीचं होतं. त्याच अक्षरावर तर ती गिरवायला शिकली होती.

'सदर माल सदोष आहे, असं तपासणाऱ्या बाईंनी स्वतः लिहून दिलेलं आहे. सदोष माल बाहेर जाऊ नये.'

संग्रहबाई आधी हसल्या, मग धाकटीचा चेहरा पाहून थांबल्या. "काखेत कळसा आणि आपण पाच गावांना वळसा घालून आलो. मालक तुमच्या ताईच."

"पण तिला कळलं कसं?"

"तुम्ही पत्ता दिलात. कार्यालय प्रत पाठवतं."

"अगंबाई." धाकटी खुर्चीत बसली. "आता पुढचा फॉर्म कोणता?"

"फॉर्म नाही. मालकाने साध्या कागदावर 'हो' लिहून सही केली की झालं. सूचना नको, शोध नको, नव्वद दिवस नकोत."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मालक कोण ते तुम्हाला ठाऊक नव्हतं!"

"ज्याचा मालक ठाऊक नाही त्याला एवढे कागद, आणि ज्याचा ठाऊक आहे त्याला एक चिठ्ठी?"

"हो."

"आणि मालक आठव्या मैलावर बसून गुडघे शेकतोय."

"हो," संग्रहबाई म्हणाल्या, आणि गाण्याची प्रत धाकटीच्या फोनवर घालून दिली. "जा. मालकाला मालकाची वस्तू ऐकवायला कुठलाच कायदा आडवा येत नाही."

*

ताईच्या सुनेने दार उघडलं. "या मावशी. आल्या का तुम्ही! सकाळपासून दोनदा विचारून झालं, 'आली का इन्स्पेक्टर?'"

ताई खिडकीपाशी खुर्चीत होती. धाकटीला बघून तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवले, जिभेने टाळ्याला टक् केलं आणि एका दमात उठून उभी राहिली. नेहमीसारखीच.

"बैस. पाणी हवं का? की आधी तपासणी?"

"ताई, टोमणे मार, पण बसून मार. ठोके मोज आधी."

"ठोके माझे आहेत, मी बघते. पन्नास कागद भरलेस म्हणे माझ्यासाठी?"

"सहाच. पण दोन्ही बाजूंनी."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

धाकटीने सगळ्या जगाला विचारलं होतं. दोन दुकानदारांना, दोन कंपन्यांना, एका कार्यालयाला. पाच जागांच्या यादीत हे घर नव्हतं, आणि तिच्याही मनात आलं नव्हतं. "मला वाटलं, अचानक ऐकवावं," ती म्हणाली. "वाटलं, तुला आवडेल. मग वाटलं, नाही आवडणार. मला काही कळेनासंच झालंय ताई. ती बाई म्हणते, टक तबकडीची नाहीच."

"मग कुणाची?"

"माहीत नाही. ओली आहे म्हणते."

"मी ऐकलेलंच नाही ते," ताई हळूच म्हणाली. "तू ऐकलंस, त्या दोघींनी ऐकलं. मी नाही. माझ्या आवाजात काय खोट होती, तेही मला ऐकायला मिळालं नाही. कागदावर नुसतं 'टक'."

सुनेने कुठूनसा लहान स्पीकर आणला, फोन त्याला जोडला आणि दार लोटून घेतलं. खरखर सुरू झाली. मग त्या खरखरीतून, झाडीतून कुणी वाट काढत यावं तशी, सव्वीस वर्षांची ताई आली.

ताईने डोळे मिटले. धाकटीची नजर सवयीने घड्याळ शोधू लागली. त्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. शोधता शोधता तिचं लक्ष ताईच्या तोंडाकडे गेलं, आणि मग तिथेच राहिलं. गाणं संपलं.

"आली का?" ताईने विचारलं.

"काय?"

"टक गं."

धाकटी गोंधळली. "लक्ष नव्हतं माझं."

"कानवालीचं लक्ष नव्हतं! लाव पुन्हा."

या वेळी ताई बारीक आवाजात बरोबर म्हणू लागली. शब्द बासष्ट वर्षांत एकही सांडला नव्हता. तिसऱ्या कडव्याशी चाल उंच चढायची होती. ताईने पाठ ताठ केली, श्वास घेतला, जिभेने टाळ्याला टक् केलं आणि आवाज वर नेला. स्पीकरमधूनही त्याच क्षणी टक् आलं. दोन्ही एकावर एक पडली.

सुनेने फोन थांबवला.

"हे तर आई उठताना करतात," सून म्हणाली. "गॅसची टाकी सरकवतानासुद्धा करायच्या."

ताईने बोटं ओठांवर ठेवली. "मी करते हे?"

"रोज," सून म्हणाली.

धाकटीला हसावं की रडावं कळेना. एका खोलीत, एका पांघरुणात वाढलेल्या बहिणीची जीभ तिने ऐकली होती, आणि कार्डावर 'टक' लिहून मोकळी झाली होती. चूक होती का ती? नियमाने टक ती टक. आणि चूक नव्हती म्हणावं, तर समोर ही बसली होती. "त्या कार्डावर याला रकानाच नव्हता गं," ती म्हणाली.

"किती वेळा ऐकलं होतंस तेव्हा?"

"सात."

"सातही वेळा टकच ऐकलीस?"

धाकटीने होकारार्थी मान हलवली.

ताई सुनेला म्हणाली, "कागद आण. लिही. माझं गाणं कुणालाही फुकट ऐकू द्यावं. जसं आहे तसं ठेवावं. मधली टक माझी आहे, ती काढू नये. आण, सही करते."

"आणि हरकतीचं काय?" सुनेने विचारलं. "माल सदोष म्हणून कळवलंय तुम्ही."

"ते हिने ठरवायचं. पास-नापास तिचं खातं."

धाकटीने पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून तबकडी, आणि पैशांच्या पाकिटातून मेणाच्या पांढऱ्या पेन्सिलीचा तुकडा. तो ती का बाळगायची, हे तिलाही कधी सांगता आलं नसतं. लाल फुलीच्या शेजारी तिने पेन्सिल टेकवली आणि पुन्हा उचलली.

"आता काय?" ताई म्हणाली. "अजून शंका आहे?"

"नाही. पण एकदा पुन्हा लावायला सांग."

"कशाला?"

"मी ऐकलेलं नाही अजून," धाकटी म्हणाली. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची ओढून ताईच्या शेजारी बसली.